डबा कुणाबरोबर खाल्लास?



मी प्राथमिक शिक्षिका. माझा रोजचा संबंध पहिली ते चौथीच्या मुलांशी. मग कॉलेजच्या मुलांबद्दल मी का लिहायचं, असं कुणालाही वाटेल. पण आपण ज्यांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तीच मुलं पुढे कॉलेजला जातात. तिथे त्यांचं काय चाललंय हे आपल्याला सहसा कळत नाही. मला ते कळलं रंकाळा स्टँडवर.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. गगनबावडा रोडवरच्या आमच्या गावातून एसटीनं मी कोल्हापुरात उतरले. स्टँडवरच्या बाकावर एक मुलगी डबा उघडून बसली होती. तिनंच हाक मारली, "बाई, ओळखलं का?"

ओळखलं की! चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी हात वर करणारी. खेळताना कुणी बाजूला उभं राहिलं की त्याला हाताला धरून डावात घेणारी. आता शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मी म्हटलं, "लवकर सुटलं का गं कॉलेज?"

"नाही बाई. दोन वाजता प्रॅक्टिकल आहे. डबा खायला इथं येते."

तिचं कॉलेज तिथून चालत चांगलं वीस मिनिटांवर. मी विचारलं, "अगं, कॉलेजात जागा नाही का डबा खायला?"

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जागा आहे बाई. पण तिथं एकटं बसलं की सगळी बघतात. इथं स्टँडवर एकटं बसलं तर कुणाला काय वाटत नाही."

कॉलेज सुरू होऊन चार महिने झाले होते. चार महिने ही पोरगी रोज वीस मिनिटं चालत यायची, डबा खायची आणि परत वीस मिनिटं चालत जायची. घरी सांगितलंस का, म्हणून विचारलं. "आईला सांगितलं. ती म्हणाली, शिकायला गेलीयस नव्हं? पप्पांना नाही सांगितलं. करमत नाही म्हटलं तर ते म्हणतील, मग बंद कर कॉलेज."

कॉलेज बंद केल्यावर खेड्यातल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पुढे काय सुरू होतं, हे मी इथे वेगळं सांगायला नको. स्थळं यायला लागतात. मैत्रीण नसणं हा आपल्याला किरकोळ प्रश्न वाटतो. त्या मुलीसाठी तो शिक्षण राहणार की सुटणार एवढा मोठा होता.

आपण मोठी माणसं काय उत्तर देतो?

अशा वेळी आपली उत्तरं ठरलेली असतात. "अभ्यासाकडे लक्ष दे, मैत्री काय आपोआप होते." "तूच बोलत नसशील." "वाईट संगतीपेक्षा एकटं बरं." मीही पालकांना असं सांगितलेलं आहे, कबूल करते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून यातलं एकही वाक्य निघालं नाही. कारण मला माझंच डी.एड.चं पहिलं वर्ष आठवलं.

त्या काळात डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे नोकरीच लागल्यासारखं होतं. गावात पेढे वाटले होते. त्यामुळे मला इथे करमत नाही हे घरी सांगायची सोयच नव्हती. होस्टेलला खोलीत आम्ही चौघी होतो. बाकीच्या तिघी एकमेकींना आधीपासून ओळखायच्या. पहिल्या सराव पाठात माझ्या तोंडून "कोण कोण आलतं?" असं गेलं आणि मागे बसलेल्या छात्राध्यापिका हसल्या. त्यानंतर मी बोलणंच कमी केलं. दोन-अडीच महिने गरजेपुरतंच बोलत होते. संध्याकाळी मेसमध्ये गर्दी ओसरल्यावर जेवायला जायची. कुणाला वाटलं असेल, मुलगी शांत आहे. मी शांत नव्हते, घाबरलेली होते.

यातून मी बाहेर आले ते काही माझ्या हुशारीनं नाही. सराव पाठांसाठी आमच्या सरांनी हजेरी क्रमांकाप्रमाणे गट पाडले. माझ्या पुढच्या क्रमांकावर शहरातली एक मुलगी होती. बोलायला फटकळ, सिनेमाची वेडी, देवधर्म न मानणारी. मी अगदी उलट. पण दुसऱ्या दिवशी पाठ असायचा आणि आदल्या रात्री शैक्षणिक साहित्य तयार करायचं असायचं. तिचं फलकलेखन वाईट, माझी चित्रं वाईट. तिनं माझी चित्रं काढायची आणि मी तिच्या कार्डशीटवर अक्षर काढायचं, असं ठरलं. रात्री अकरा-बारापर्यंत डिंकाची बाटली, स्केचपेन आणि कात्री घेऊन आम्ही जमिनीवर बसलेल्या असायचो. वर्ष संपेपर्यंत आमची घट्ट मैत्री झाली होती. आज ती दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षिका आहे. बदल्या, परीक्षा, पगार, राजकारण, एकाही विषयावर आमचं मत जुळत नाही. तरी अडचणीच्या वेळी पहिला फोन तिलाच जातो.

म्हणून सांगते, आमची मैत्री काही विचार जुळले म्हणून झाली नाही. एकच काम दोघींना मिळून रोज करावं लागलं, त्यातून ती झाली. विचार कळणं, पटणं, न पटणं हे सगळं नंतर आलं.

शाळेत होते, मग कॉलेजात का होत नाही?

माझ्या वर्गात तेवीस मुलं आहेत. ती एकत्र परिपाठ म्हणतात, एका ओळीत बसून खिचडी खातात, एकाच मैदानावर पडतात आणि एकमेकांच्या गुडघ्यावरची माती झाडतात. आज भांडलेली दोघं उद्या परत शेजारी असतात, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. या मुलांना मैत्री करायला मी शिकवलेलं नाही. शाळेचा दिवसच असा आखलेला आहे की त्यांना एकत्र राहावं लागतं.

आता कॉलेजचा दिवस बघा. एका वर्गात शे-सव्वाशे मुलं. विषय निवडीप्रमाणे दर तासाला वर्ग बदलतो, शेजारी बसणारा बदलतो. तास संपला की कुणी क्लासला पळतो, कुणी कामाला, कुणी एसटी पकडायला. बरीच मुलं परीक्षेपुरतीच दिसतात. ज्यांची आधीची ओळख आहे, एका शाळेतली, एका क्लासमधली, त्यांचे गट पहिल्याच आठवड्यात पक्के होतात. खेड्यातून एकटं आलेलं मूल बाहेरच राहतं. मग ते मोबाईल काढतं. आपण म्हणतो, मुलं मोबाईलमुळे एकटी पडली. पुष्कळदा उलटंही असतं. एकटं बसलेलं दिसू नये म्हणून मूल मोबाईलमध्ये मान घालतं.

शाळेत जी मुलगी सगळ्यांना खेळात घ्यायची, तीच कॉलेजात स्टँडवर जाऊन डबा खाते. मुलगी तीच आहे, तिच्या भोवतीचा दिवस बदलला आहे. हे लक्षात घेतलं तर "तूच बोलत नसशील" हे वाक्य आपण पुन्हा म्हणणार नाही.

कोल्हापूरला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं

आपलं कोल्हापूर विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून ओळखलं जातं. दसरा चौकात उभं राहिलं की या बोर्डिंगांच्या इमारती आजही आजूबाजूला दिसतात. आपण रोज त्यांच्यासमोरून जातो, पण ती का उभी राहिली याचा विचार करत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी आधी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं असं वसतिगृह काढून पाहिलं होतं. दार सगळ्यांना उघडं होतं. पण खेड्यापाड्यातली बहुजन समाजाची मुलं तिथे टिकली नाहीत. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम समाजासाठी, १९०७ मध्ये लिंगायत समाजासाठी, आणि १९०८ मध्ये तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे ही यादी वाढतच गेली.

बोर्डिंग म्हटलं की आपल्याला राहण्या-जेवणाची सोय आठवते. ती होतीच. पण घरातलं पहिलंच शिकणारं पोर, मैलोन्‌मैल चालत शहरात आलेलं, त्याला भाकरीबरोबर आणखी एक गोष्ट लागते. शेजारच्या अंथरुणावर त्याच्यासारखंच पहिल्यांदा घर सोडून आलेलं दुसरं पोर लागतं. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, आत आलेल्याला सोबत मिळाली तरच तो टिकतो. मला त्या पहिल्या वसतिगृहाच्या अनुभवातून हे दिसतं. आजच्या कॉलेजांचंही तेच आहे. प्रवेश सगळ्यांना आहे, सोबतीचं मात्र कुणी बघत नाही.

समविचारी म्हणजे आपल्यासारखाच का?

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. ही बोर्डिंग त्या त्या समाजाची होती. आपल्या माणसांत मूल टिकलं, पण भिंतीही राहिल्या. कुंभोजचा एक मुलगा कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेल्यावरून त्याला आपलं बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथली मुलं एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र राबायची, एका पंगतीला जेवायची. हे चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथे आलेली मुलं काही समविचारी नव्हती. निरनिराळ्या घरांतून, निरनिराळे समज घेऊन आली होती. एका चुलीवर भाकऱ्या भाजता भाजता ती एकमेकांची झाली.

आणखी एक उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी सोबती म्हणून मिळाला. दोघांची घरं, समाज, परिस्थिती, कशातच साम्य नव्हतं. पण ती मैत्री आयुष्यभर टिकली. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्रानं पैसे उसने दिले होते.

आज आपली मुलं "माझ्या विचारांचं कुणी भेटत नाही" असं म्हणतात. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांना आणि आपल्याला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. विचार जुळणारा माणूस कॉलेजच्या गेटवर तयार होऊन उभा नसतो. आपल्या गावचा, आपल्या माध्यमाचा, आपल्यासारखे कपडे घालणारा, आपल्या जातीचा असा शोध घेत गेलं तर गट मिळेल, मित्र मिळेलच असं नाही. सुरुवातीला आपल्यासारख्याचा आधार लागतो, हे शाहू महाराजांनी ओळखलं. पण तिथेच थांबायचं नाही, हे भाऊरावांनी करून दाखवलं. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

पालकांना एक विनंती

त्या मुलीशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. तिला घरून सांगितलेलं होतं, "शेवटचा तास झाला की पहिल्या एसटीनं घरी." मुलीच्या काळजीपोटीच सांगितलं असणार. पण मैत्री तासाला होत नाही, ती तास सुटल्यावर होते. ग्रंथालयाच्या पायरीवर, चहाच्या गाड्यावर, एसटीची वाट बघताना. तो अर्धा तास आपण मुलींच्या दिवसातून कापून टाकतो आणि मग विचारतो, तुला मैत्रीण कशी नाही?

कोल्हापूरच्या मुलग्यांना तालीम आहे, मंडळ आहे, फुटबॉलची पेठेपेठेतली टीम आहे. कॉलेजात कुणी नाही भेटलं तरी संध्याकाळी बसायला कट्टा आहे. मुलींसाठी असं ठिकाण सांगा बरं. मला तरी पटकन आठवत नाही. म्हणून मुलीच्या पालकांना सांगते, आठवड्यातून दोन दिवस तिला दुसऱ्या एसटीनं येऊ द्या. मैत्रिणीला घरी आणू द्या, तिची जात न विचारता तिला भाकरी वाढा. आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर असेल तर परवानगी द्या. सात दिवस एकत्र झाडू मारला, एकत्र स्वयंपाक केला की वर्षभर न बोललेली मुलं बोलायला लागतात.

आणि रोज "आज काय शिकवलं?" एवढंच विचारू नका. "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असंही विचारा. उत्तर "कुणाबरोबर नाही" असं आलं तर लगेच उपदेश नको, कॉलेज बंद करायची धमकी तर नकोच. नुसतं ऐकून घ्या. काही मुलं मुळातच अबोल असतात, त्यांना एक मित्र पुरतो. पण मूल जेवत नसेल, झोपत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते अंगावर काढू नका. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मोफत बोलता येतं. त्यात लाज कसली?

आणि आपण शिक्षकांनी?

कॉलेजच्या प्राध्यापकांना मी काय सांगणार, मी डी.एड. झालेली. तरी आमच्या सरांनी केलेली एक साधी गोष्ट सुचवते. गट हजेरी क्रमांकाप्रमाणे पाडा. "तुमचे तुम्ही गट करा" असं म्हटलं की ज्याचं कुणी नाही तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. प्रॅक्टिकलला, प्रकल्पाला, सहलीला, सगळीकडे हे करता येईल. याला पैसा लागत नाही.

प्राथमिकच्या आपण मंडळींनीही काही करायला हवं. त्या शनिवारनंतर मी वर्गात तीन गोष्टी सुरू केल्या. दर सोमवारी बसायच्या जागा बदलायच्या. गटात काम देताना प्रत्येकाला असं काम द्यायचं की त्याच्याशिवाय गटाचं अडेल. आणि "मी पण येऊ का खेळायला?" आणि "ये की, बस" ही दोन वाक्यं मुलांकडून म्हणून घ्यायची, अगदी नाट्यीकरण करून. मुलं हसतात. हसू देत. अठराव्या वर्षी अनोळखी वर्गात हे पहिलं वाक्य उच्चारणं किती कठीण असतं, ते मला माहीत आहे. आणि दुसरं वाक्य म्हणणारं कुणी भेटणं किती मोठं असतं, तेही.

शेवटी

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणार. मी तिच्या वडिलांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा गोष्टीसाठी पोरगी रोज चाळीस मिनिटं चालत होती? बोलली नाही ती आमाला." मग बराच वेळ गप्प बसले. कॉलेज बंद करायचा विषय त्यांनी काढला नाही.

एकदम सगळं चांगलं झालं असं सांगणार नाही. जिवाभावाची मैत्रीण तिला अजून मिळालेली नाही. पण वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला शेजारी उभी राहणारी एक मुलगी आहे. दोघी मिळून पानं वाळवतात, चिकटवतात, नावं लिहितात. ती मुलगी तिच्यासारखी नाही, फार बडबडी आहे, असं ती म्हणते.

मागच्या शनिवारी रंकाळा स्टँडवर मी मुद्दाम त्या बाकाकडे बघितलं. ती तिथे नव्हती. मला बरं वाटलं.